फॅब्रिक कंडिशनरशिवाय चादरी मऊ कशा ठेवाव्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत ही तक्रार कायम ऐकू येते: चादर आणली तेव्हा मऊ होती, चार धुण्यांत पापडासारखी झाली. त्यावर लगेच सल्ला मिळतो तो फॅब्रिक कंडिशनरचा. माझं मत वेगळं आहे. सुती चादर कडक होते ती तिच्यात काहीतरी अडकून बसल्यामुळे आणि ती नीट न वाळवल्यामुळे. अडकलेलं काढलं, वाळवण्याची पद्धत सुधारली, की वरून कसलाही थर चढवायची गरज उरत नाही. खालची उत्तरं सुती चादरी, उशांचे अभ्रे आणि ज्यात सुताचं प्रमाण जास्त आहे अशा कापडासाठी आहेत.

नवी चादर दुकानात मऊ असते, मग दोन-तीन धुण्यांत कडक का होते?

दुकानातला मऊपणा बऱ्याचदा कापडाचा नसतोच. विणताना ताण्याचे धागे मागावर घासून तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावतात. विणून झाल्यावर ती धुऊन काढतात आणि शेवटच्या प्रक्रियेत कापडाला सिलिकॉनसारखं मऊ करणारं द्रव्य देतात. हाताला गुळगुळीत लागतं ते हे द्रव्य. पहिल्या काही धुण्यांत ते निघून जातं आणि खरं सूत हाताशी येतं. सूत चांगलं असेल तर इथून पुढे चादर हळूहळू मऊच होत जायला हवी. ती उलट कडक होत असेल तर संशय पाण्यावर घ्यायचा.

आमचं पाणी कठीण आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

नळाच्या तोंडाशी, बादलीच्या कडेला, गिझरच्या आत पांढरा थर साचत असेल, डाळ शिजायला वेळ लागत असेल, अंघोळीनंतर केस राठ लागत असतील, तर पाण्यात क्षार भरपूर आहेत, म्हणजेच पाणी कठीण आहे. खात्रीच करायची असेल तर एक झाकणाची पारदर्शक बाटली अर्धी भरा, त्यात अंगाच्या साध्या साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आणि खाली बऱ्यापैकी स्वच्छ पाणी दिसलं तर पाणी मृदू. फेस कमी, पाणी दुधाळ आणि त्यात साका तरंगताना दिसला तर पाणी कठीण. कपड्यांची पावडर वापरून हा प्रयोग करू नका, ती कठीण पाण्यातही फेस देते.

आकड्यात हवं असेल तर सोसायटीला पाण्याचा तपासणी अहवाल मागा आणि त्यात ‘एकूण कठीणपणा’ बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह धरला आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. म्हणजे पिण्यायोग्य पाणीसुद्धा धुण्याच्या दृष्टीने चांगलंच कठीण असू शकतं. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाच्या तलावांतून येणारं पाणी पावसाचं साठवलेलं, म्हणून मृदू. याउलट मराठवाड्यातलं खोल बोअरचं पाणी किंवा पुण्याच्या उपनगरांत सोसायट्यांना बोअर-टँकरमधून मिळणारं पाणी खडकातून झिरपत क्षार घेऊन आलेलं असतं. एकाच घरातल्या दोन भावंडांनी मुंबईत आणि लातूरला एकसारख्या चादरी नेल्या, तरी वर्षभराने त्या हाताला वेगळ्या लागतील.

आणि हो, हातातल्या टीडीएस मीटरवरून कठीणपणा कळत नाही. ते सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतं. धुण्याला नडतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम.

हे क्षार कापडाचं नेमकं काय करतात?

साबण कॅल्शियमशी मिळाला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो धाग्यांत बसतो. डिटर्जंट पावडरींनी हा प्रश्न बराच सोडवला, पण दुसरा उभा केला. स्वस्त पावडरी आणि वड्या यांत धुण्याचा सोडा बराच असतो. तो पाण्यातल्या कॅल्शियमला धरून खडूसारखी बारीक भुकटी बनवतो. ही भुकटी सगळी पाण्याबरोबर वाहून जात नाही, थोडी कापडावर राहते. एका धुण्यात कळत नाही, वीस धुण्यांनी चादर जाड, राठ आणि मळकट पांढरी दिसायला लागते. त्यात पुरेसं न खळबळल्यामुळे राहिलेली पावडर आणि अंगाचं तेल मिसळलं की धागा वाकेनासा होतो. चादर कडक झाली असं आपण म्हणतो ते याला.

मग हे काढायचं कसं?

खडू आम्लात विरघळतो. शेवटच्या पाण्यात थोडं सौम्य आम्ल घालणं हाच यातला खरा उपाय, आणि त्यासाठी दोन गोष्टी पुरतात. एक, किराणा दुकानात मिळणारं पांढरं व्हिनेगर. दुसरी, ढोकळ्यात घालतो ते सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व. मला सायट्रिक ॲसिड जास्त आवडतं. स्वस्त पडतं, वास नसतो, डब्यात वर्षभर राहतं.

बादलीत धुत असाल तर चादर धुऊन, दोनदा खळबळून झाल्यावर साधारण १५ लिटर पाण्यात एक चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड पूर्ण विरघळवा. व्हिनेगर असेल तर अर्धा कप. चादर त्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, वरखाली करा आणि पिळा. व्हिनेगर हवेत उडून जातं, त्याच्यावर पुन्हा पाणी घ्यायची गरज नाही. सायट्रिक ॲसिड उडत नाही, म्हणून त्यानंतर एकदा झटपट साध्या पाण्यातून काढा. पाणी फारच कठीण असेल तर प्रमाण दुप्पट करायला हरकत नाही, त्याहून जास्त नको.

मशीनमध्ये कंडिशनरसाठी जो कप्पा असतो, तोच वापरायचा. पाव कप व्हिनेगर, किंवा अर्धा कप पाण्यात विरघळवलेलं चमचाभर सायट्रिक ॲसिड (मग नंतर साध्या पाण्याचं एक खळबळणं लावा). कप्प्यावरच्या रेघेच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर ते आधीच्याच पाण्यात वाहून जातं. कप्पा नसेल तर शेवटचं पाणी भरल्यावर मशीन थांबवून ओता.

चादर आधीच खूप कडक झाली असेल तर एवढ्याने भागेल?

नाही. वर्षानुवर्षांचा थर असेल तर आधी तेल आणि जुनी पावडर सोडवावी लागते, मग क्षार. बादलीभर गरम पाण्यात दोन टेबलचमचे धुण्याचा सोडा टाका आणि चादर घालायच्या आधी ते पाणी अर्धा तास तसंच राहू द्या. पाण्यातले क्षार खाली बसतील. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत अलगद ओता आणि चादर त्यात भिजवा. हा मधला अर्धा तास बहुतेक जण वगळतात आणि जो थर काढायचा तोच नव्याने कापडावर बसवतात. तीन-चार तासांनी बादलीतलं पाणी बघा, नुकत्याच धुतलेल्या चादरीतूनही करडं पाणी निघतं. मग चादर भरपूर पाण्यात खळबळा आणि वर सांगितलेलं आम्लाचं पाणी द्या. गरज पडली तर पुढच्या धुण्याला पुन्हा करा.

सोड्याने हाताची त्वचा सोलवटते, म्हणून हातमोजे घाला. ॲल्युमिनियमच्या भांड्यात हे करू नका. रेशीम आणि लोकर यांच्या जवळही सोडा नेऊ नका.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र घातलं तर दुप्पट फायदा होतो ना?

फसफसतं खूप, उपयोग काही होत नाही. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि हाती उरतं ते किंचित खारट पाणी. आधी सोडा, मग स्वच्छ पाणी, मग आम्ल, हा क्रम सोडू नका.

व्हिनेगर आणि ब्लीच?

कधीही नाही. क्लोरीन ब्लीचमध्ये व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड किंवा कुठलंही आम्ल मिसळलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तर हे जिवावर बेतू शकतं. एखाद्या दिवशी ब्लीच वापरलं असेल तर त्या दिवशी आम्लाचं पाणी देऊच नका.

व्हिनेगरने मशीन खराब होतं का? फरशी?

पाण्यात मिसळलेलं थोडं व्हिनेगर अधूनमधून वापरलं तर काळजीचं कारण नाही. तीव्र व्हिनेगर वारंवार आणि तासन् तास रबराच्या वायसरशी राहिलं तर रबर खराब होऊ शकतं, म्हणून मी ते दर धुण्याला सुचवत नाही. मोरीत शहाबादी, कडप्पा किंवा संगमरवर असेल तर न मिसळलेलं आम्ल त्यावर सांडू देऊ नका. हे तिन्ही दगड चुन्याचेच, त्यावर डाग उठतो. वासाचं म्हणाल तर चादर वाळेपर्यंत तो राहतो, नंतर नाही.

लिंबाचा रस, चिंच, आमसूल चालेल?

चिंच आणि आमसुलाचे डाग पडतात. लिंबाच्या रसात गर आणि साखर असते, शिवाय तो लागलेली रंगीत चादर उन्हात टाकली तर रंग उतरू शकतो. खायच्या गोष्टी खायला ठेवा, सायट्रिक ॲसिडचं लहान पाकीट आणा.

पावडर किती घालावी?

तुम्ही घालता त्यापेक्षा कमी, हे मी न बघताही सांगू शकते. फेस म्हणजे स्वच्छता ही समजूत आपल्या हातात मुरलेली आहे. धुऊन वाळलेल्या चादरीचं एक टोक कोमट पाण्याच्या पातेल्यात घालून चोळून बघा. पाण्यावर फेस आला तर ती पावडर आजवर चादरीतच होती. अशा वेळी पावडर तिसऱ्या हिश्शाने कमी करा आणि मशीनला एक जास्तीचं खळबळणं लावा. मशीन ठासून भरू नका. डबल बेडची चादर आणि तिचे अभ्रे यांच्याबरोबर जीन्स, टॉवेल कोंबले तर मधल्या घड्यांपर्यंत पाणी पोचतच नाही. पावडरीऐवजी लिक्विड डिटर्जंट घेतलं तरी कठीण पाण्याच्या घरात फरक पडतो, कारण त्यात सहसा धुण्याचा सोडा नसतो.

आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी आम्ही कपड्यांना वापरतो. ठीक आहे ना?

पाणी वाचवायची तुमची धडपड मला मनापासून पटते, पण चादरींसाठी हे पाणी वाईट. पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार याच पाण्यात एकवटलेले असतात, म्हणजे नळाच्या पाण्यापेक्षाही ते कठीण. फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा. कपड्यांनाच वापरायचं असेल तर पायपुसण्यांना वापरा आणि शेवटचं पाणी तरी नळाचं घ्या.

कडक उन्हात वाळवल्याने चादर कडक होते का?

ऊन हे अर्धंच कारण. मोठं कारण म्हणजे हलल्याशिवाय वाळणं.

हवेत वाळलेलं सूत पूर्ण कोरडं कधीच नसतं, त्यात वजनाच्या साधारण ७-८ टक्के ओलावा राहतोच. जपानमधलं होक्काइदो विद्यापीठ आणि काओ कंपनी इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की सुताच्या पृष्ठभागाला धरून राहिलेलं हे पाणी साध्या पाण्यासारखं वागत नाही. ते शेजारशेजारच्या तंतूंना गोंदासारखं जोडून ठेवतं. चादर दोरीवर निश्चल वाळली तर ही जोडणी जशीच्या तशी पक्की होते. वाऱ्यावर फडफडत वाळली तर होता होता मोडत जाते. म्हणूनच गच्चीवर वाळलेली चादर आणि बंद बाल्कनीतली चादर यांत फरक लागतो, पाणी, पावडर सगळं तेच असूनही.

यातून करायचं काय ते सोपं आहे. वाळत घालण्याआधी दोघांनी चार कोपरे धरून चादर चार-पाच वेळा जोरात झटका. एकटे असाल तर घडी घालून अर्धी अर्धी झटका. दोरीवर दुमडून जाड थर करण्यापेक्षा दोन दोऱ्यांवर झोळीसारखी पसरा, म्हणजे मधून वारा खेळेल. अर्धवट वाळली की जाऊन पुन्हा एकदा झटका आणि बाजू बदला. काढताना परत झटका, हातात थोडी चुरगळून मोकळी करा, मग घडी घाला. ज्या घरात एवढं एकच केलं जातं तिथेही चादरी बऱ्या असतात.

एप्रिल-मेच्या दुपारी चादर तासाभरात वाळते. त्यानंतर ती संध्याकाळपर्यंत दोरीवर ठेवण्यात काहीच मिळत नाही. रंग उडतो आणि सुताचा कस जातो. वाळली की काढा, रंगीत चादर सावलीत वाळवा.

पावसाळ्यात काय?

पावसाळा धुण्याच्या पाण्यासाठी वर्षातला सगळ्यात चांगला काळ. पागोळीचं पहिल्या सरींनंतरचं स्वच्छ पाणी शेवटच्या खळबळण्याला वापरा, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. त्या दिवशी व्हिनेगर लागत नाही. अडचण वाळवण्याची. घरात पंख्याखाली वाळवताना दर दोन-तीन तासांनी चादर हलवा, पंख्याचा वारा थेट लागेल अशी टांगा. किंचित दमट असताना इस्त्री फिरवली तर कुबट वासही येत नाही आणि हाताला मऊ लागते.

नळाला लावायचा फिल्टर किंवा सोसायटीचा वॉटर सॉफ्टनर घ्यावा का?

मशीनच्या नळाला लावायच्या छोट्या डब्यांत बहुतेक वेळा फॉस्फेटचे खडे असतात. त्यांनी मशीनच्या आत थर कमी जमतो, पण पाण्यातलं कॅल्शियम जागेवरच राहतं. खरं मृदू पाणी मिठावर चालणाऱ्या सॉफ्टनरमधून मिळतं. त्यातली राळ (रेझिनचे बारीक मणी) कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते, मग मिठाच्या पाण्याने तिला पुन्हा तयार करावं लागतं. तो बसवलेला असूनही चादरी कडक येत असतील तर टाकीत मीठ वेळेवर पडतंय का ते आधी विचारा.

नवी चादर पहिल्यांदा कशी धुवावी? सोलापुरी चादरही तशीच?

रात्रभर साध्या थंड पाण्यात एकटी भिजवा, सकाळी पाणी बदला, मग थोड्या पावडरीत धुवा. उरलेली खळ निघते. मिठाच्या पाण्यात भिजवण्याची पद्धत घरोघरी आहे, पण मिठाने रंग कायमचा पक्का होत नाही. रंग जाणारी चादर पहिले काही वेळा वेगळी धुणं हाच उपाय. सोलापुरी चादर जाड, तिला पाणी जास्त लागतं. ती मशीनमध्ये एकटीच टाका आणि खळबळायला हात आखडू नका. दोन-चार धुण्यांनंतर ती जी मोकळी होते, त्यानंतर तिच्यासारखी ऊब आणि स्पर्श दुसऱ्या कशाला नाही.

फॅब्रिक कंडिशनर वापरलं तर बिघडतं काय?

त्यातली द्रव्यं धाग्यावर मेणचट पातळ थर देतात, म्हणून हात लावला की गुळगुळीत लागतं. पण खालचे क्षार जागेवरच राहतात आणि सुताची पाणी शोषायची ताकद कमी होते. आपल्या उन्हाळ्यात घाम टिपणारी चादर हवी, घसरणारी नको. टॉवेल आणि बाळाचे लंगोट यांना तर ते लावूच नये. फ्लॅनेलसारख्या लव असलेल्या सुती कापडावर हा थर आग लवकर धरतो, हेही लक्षात असू द्या. ज्यांना त्याच्या सुगंधाने शिंका येतात किंवा अंगाला खाज सुटते, त्यांच्या घरात बाटली बंद करणं हा पहिला उपाय.

केसांचं कंडिशनर आणि व्हिनेगर मिसळून घरगुती सॉफ्टनर करतात, तो?

त्यात त्याच जातीची द्रव्यं असतात. म्हणजे विकतचं टाळून घरी तेच केलं.

रिठा चालतो का?

रेशमी साड्या आणि लोकरीसाठी उत्तम. रिठ्याचा फेस सौम्य असतो आणि त्यात सोडा नसतो. रोजच्या मळलेल्या चादरीला मात्र तो पुरत नाही आणि पांढऱ्या कापडावर पिवळसर झाक येते.

कोणती चादर घेतली तर ती मऊ होत जाईल?

शंभर टक्के सुती, एक धागा वर एक खाली अशा साध्या विणीची, लांब धाग्याच्या कापसाची. पाकिटावरचा हजार-बाराशेचा थ्रेड काउंट (एका चौरस इंचातल्या धाग्यांची संख्या) बघून भुलू नका. बऱ्याचदा पिळलेल्या धाग्यातला प्रत्येक पदर वेगळा मोजून तो आकडा फुगवलेला असतो. २०० ते ४०० मधली चांगल्या सुताची चादर आपल्या हवेला पुरेशी आहे. ‘रिंकल फ्री’ लिहिलेल्या सुती चादरीवर सहसा राळेची प्रक्रिया असते, तिचा ताठरपणा कुठल्याच धुण्याने पूर्ण जात नाही. पॉलिस्टर मिसळलेली चादर लवकर वाळते, पण काही महिन्यांत तिच्यावर बोंडं (तंतूंच्या बारीक गोळ्या) येतात आणि ती आम्लाने किंवा सोड्याने जात नाहीत.

आपल्याकडे गोधडीला आजीचं लुगडं आणि आजोबांचं धोतर का घेत, याचं कारणही हेच. चांगलं सूत वर्षानुवर्षं धुतल्याने जेवढं मऊ होतं तेवढं नव्या कापडाला करता येत नाही. खादीची चादर सुरुवातीला टोचते म्हणून परत करू नका, तिला वर्षभर द्या.

परदेशात आम्ही ड्रायर वापरतो. तिथे काय करावं?

ड्रायरमध्ये कपडे सतत हलत वाळतात, त्यामुळे अर्धं काम आपोआप होतं. ड्रायर शीटवर कंडिशनरचीच द्रव्यं असतात, त्या टाळा. लोकरीचे तीन-चार गोळे टाकले तर चादर गुंडाळून तिचा बोळा होत नाही. चादर किंचित दमट असतानाच थांबवा, जास्त सुकवल्याने सूत झिजतं.

हे सगळं दर धुण्याला करायचं?

झटकणं आणि पावडर मोजून घालणं, दर वेळी. आम्लाचं पाणी कठीण पाण्याच्या घरात दर तीन-चार धुण्यांनी, मृदू पाण्याच्या घरात कडकपणा जाणवला तरच. सोड्याचं भिजवणं वर्षातून दोनदा पुरतं. दिवाळीच्या आवराआवरीत एकदा आणि उन्हाळ्यात पाणी सर्वांत कठीण होतं तेव्हा एकदा. पाणीटंचाई असेल तर उन्हाळ्यातलं पावसाच्या पहिल्या आठवड्यांवर ढकला, चादरींना तेवढं थांबता येतं.